कोंगो गुमी: चौदाशे वर्षं देवळं बांधणाऱ्या घराण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे आजोबा सुतार. गावातल्या निम्म्या घरांचे वासे आणि तुळया त्यांच्या हातच्या. जपानमधल्या कोंगो गुमी या बांधकाम घराण्याची गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा आधी त्यांचीच आठवण झाली. तेव्हापासून जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत आलोय आणि ऐकणारे बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र करून सविस्तर उत्तरं देतोय.

कोंगो गुमी म्हणजे नेमकं काय?

जपानच्या ओसाका शहरातली, बौद्ध मंदिरं आणि शिंतो (म्हणजे जपानच्या मूळ धर्माची) देवस्थानं बांधणारी कंपनी. स्थापना इसवी सन ५७८ ची मानतात. २००६ सालापर्यंत ती एकाच घराण्याकडे होती. चाळीस पिढ्या.

५७८ म्हणजे किती जुनं, याचा अंदाज घ्यायचा तर आपल्याकडे बघा. बदामीला पहिला पुलकेशी होऊन गेला होता, हर्षाला हरवणारा दुसरा पुलकेशी अजून गादीवर यायचा होता. वेरूळचं कैलास लेणं कोरायला अजून जवळपास दोनशे वर्षं होती. त्या काळात सुरू झालेलं एक सुतारांचं घर मोबाइलच्या जमान्यापर्यंत तेच काम करत होतं.

नावाचा अर्थ काय?

‘कोंगो’ म्हणजे वज्र. आपल्या ‘वज्र’ या संस्कृत शब्दाचं चिनीमार्गे जपानीत गेलेलं भाषांतर. ‘गुमी’ म्हणजे गट, मंडळी. जपानमध्ये बांधकाम कंपन्यांच्या नावात हा शब्द आजही सर्रास दिसतो. तेव्हा मराठीत या कंपनीला ‘वज्र मंडळी’ म्हणता येईल.

भारताशी असलेला धागा इथेच संपत नाही. ज्या देवळासाठी हे घराणं ओसाकात आलं त्याचं नाव शितेन्नो-जी, म्हणजे चार दिक्पाल राजांचं मंदिर. पूर्वेचा धृतराष्ट्र, दक्षिणेचा विरूढक, पश्चिमेचा विरूपाक्ष आणि उत्तरेचा वैश्रवण. यातला वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. आणि देवळातला पाच मजली पॅगोडा हा मुळात स्तूपच. कार्ल्याच्या चैत्यात जो दगडात पाहिला तोच लाकडात, उभा ताणलेला. कार्ल्याच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दगडाच्या त्या लेण्यातही सुताराचा हात आहे.

या सुतारांना जपानचा राजपुत्र शोतोकू याने बोलावलं म्हणतात, पण ५७८ साली तो चार वर्षांचा होता. मग त्याने या सुतारांना बोलावलं कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी शाबासकी देतो. प्रचलित कथा अशी: राजपुत्र शोतोकूने कोरियातल्या पेक्चे राज्यातून तीन सुतार बोलावले. त्यांतला एक कोंगो शिगेमित्सु, तो या घराण्याचा मूळ पुरुष. पण शोतोकूचा जन्म ५७४ चा.

जपानचा जुना इतिहासग्रंथ ‘निहोन शोकी’ सांगतो की ५७७ साली पेक्चेच्या राजाने जपानी दरबाराकडे ग्रंथ, भिक्षू, एक मूर्तिकार आणि एक मंदिर बांधणारा कारागीर पाठवला. बौद्ध धर्म तेव्हा जपानला नवा होता आणि मंदिर कसं उभारायचं हे तिथे कुणालाच येत नव्हतं. म्हणून कारागीर परदेशातून आणावे लागले. पुढे ५८७ साली, बौद्ध धर्माला विरोध करणाऱ्या मोनोनोबे घराण्याशी लढाई झाली. त्या लढाईत किशोरवयीन शोतोकूने नवस बोलला, की जिंकलो तर चार दिक्पालांचं मंदिर बांधीन. ५९३ साली शितेन्नो-जीचं काम सुरू झालं.

माझं मत असं, की कारागीर दरबाराच्या बोलावण्यावरून आले आणि नंतरच्या पिढ्यांनी सगळं श्रेय लाडक्या राजपुत्राला दिलं. आपल्याकडेही गावातली प्रत्येक जुनी विहीर अहिल्याबाईंची किंवा पांडवांची असते, तसंच. सुरुवातीच्या पिढ्यांची नावं परंपरेने सांगितलेली आहेत, कागदोपत्री पुरावा नंतरच्या काळाचा. पण पेक्चेहून मंदिर बांधणारे आले होते हे पक्कं. शितेन्नो-जीची रचनाही तेच सांगते: दरवाजा, पॅगोडा, मुख्य मंदिर आणि प्रवचनाचं दालन दक्षिणोत्तर एका सरळ रेषेत. ही पद्धत कोरियातली.

एका देवळाच्या कामावर इतक्या पिढ्यांचं पोट भरलं कसं?

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली या प्रश्नात आहे.

एक तर कोंगो घराण्याचा प्रमुख हा देवळाचा ‘सेइदाइकु’, म्हणजे मानाचा मुख्य सुतार. हे पद वंशपरंपरेचं, आणि देवळाकडून त्याला दरवर्षी ठरावीक उत्पन्न. आपल्या भाषेत सांगायचं तर ते देवळाचे वतनदार होते. गावगाड्यात सुताराला जसं बलुतं मिळायचं, तसं यांना देवळाकडून मिळायचं. नवीन गिऱ्हाईक शोधायची गरजच नव्हती.

आणि दुसरं म्हणजे ते देऊळ पुन्हा पुन्हा नष्ट होत राहिलं. लाकडाचं देऊळ, त्यात ओसाका हे सत्तेच्या लढायांचं शहर. १५७६ साली ओदा नोबुनागा या सरदाराच्या लढायांत देऊळ जळालं. पुन्हा उभं केलं. १६१४ साली ओसाकाच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा परत जळालं. १६२३ पर्यंत परत उभं. १८०१ साली वीज पडून आगीत गेलं, १८१२ साली परत बांधलं. १९३४ च्या वादळात पॅगोडा कोसळला, १९४० साली पुन्हा उभा राहिला, आणि १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात जळून गेला. आज तिथे जो पॅगोडा आहे तो आठवा.

याचा परिणाम बघा. आजोबांनी बांधलेलं नातवाला, निदान पणतवाला, पुन्हा बांधावं लागायचं. हाताला सवय राहायची. खांबाची उंची किती, वासा कुठे वाकवायचा, कौलांच्या भाराने छपराची कड किती खाली येईल, हे ज्ञान वापरात राहिलं म्हणून जिवंत राहिलं. जपानमध्ये इसे इथलं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी मुद्दाम नव्याने बांधतात, त्यामागेही कारागिरी टिकवण्याचा हा फायदा आहेच. शितेन्नो-जीत तेच काम आगीने, वादळाने आणि युद्धाने केलं.

त्यांच्याकडे दुसरी कामं नव्हती असं नाही. नारामधल्या होर्यू-जी या जुन्या बौद्ध मंदिराच्या उभारणीत आणि सोळाव्या शतकात हिदेयोशी या सत्ताधीशाच्या ओसाका किल्ल्यात घराण्याचा हात होता असं त्यांची परंपरा सांगते. पण चूल पेटायची ती शितेन्नो-जीवर.

चाळीस पिढ्या म्हणजे सगळे रक्ताचेच वारस का?

नाही, आणि म्हणूनच ते टिकले.

थोरला मुलगा म्हणून गादी आपोआप मिळेल असा नियम नव्हता. काम येतं का, माणसं सांभाळता येतात का, हे बघून वारस ठरायचा. धाकटा चालायचा. मुलगा नसेल किंवा कामाचा नसेल तर जावयाला दत्तक घ्यायचे. तो सासऱ्याचं आडनाव लावायचा आणि पुढची पिढी त्याच्या नावे चालू व्हायची. जपानी व्यापारी घराण्यांत ही रीत सर्रास होती आणि आजही आहे.

घराण्याची वंशावळ तीन मीटरभर लांब गुंडाळीवर लिहिलेली आहे. त्यात दत्तक आलेले आणि घरचे एकाच ओळीत आहेत. आपल्याकडे ‘घरचा धंदा’ म्हटलं की आधी वाटण्या आठवतात. भावाभावांत भिंत उभी राहते आणि दुकानाच्या पाटीवर ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ असे शब्द येतात. तिकडे घराणं महत्त्वाचं होतं आणि घराण्यापेक्षाही काम.

बायकांना या इतिहासात जागा आहे का?

आहे, आणि ती जागा मिळवायला एका बाईला फार मोठी किंमत मोजावी लागली. तिचं नाव कोंगो योशिए. घराण्याची अडतिसावी प्रमुख.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६८ नंतर मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे केले, बौद्ध मंदिरांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. शितेन्नो-जीचं उत्पन्न गेलं, तसं कोंगो घराण्याचं वतनही गेलं. तेराशे वर्षांत पहिल्यांदा त्यांना बाहेर जाऊन काम मागावं लागलं. हे ज्याला जमेल तो टिकणार होता.

सदतिसावा प्रमुख हारुइची हाडाचा कारागीर. लाकूड दिलं तर त्याचं सोनं करील, पण गिऱ्हाइकाशी बोलणं, पैसे वसूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. १९३० च्या आसपासच्या मंदीत कामं आटली, देणी वाढली. १९३२ साली त्याने पूर्वजांच्या थडग्यांसमोर स्वतःचं आयुष्य संपवलं.

मागे योशिए आणि मुली. सुतारकामाच्या त्या जगात बाई प्रमुख होणं कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. ती झाली. दोन वर्षांत, २१ सप्टेंबर १९३४ ला, मुरोतो नावाचं भयंकर वादळ ओसाकावर आलं आणि शितेन्नो-जीचा पॅगोडा पडला. तो पुन्हा उभारायचं काम तिने अंगावर घेतलं. लोक तिला ‘ओसाकाची बाई मिस्त्री’ अशा अर्थाच्या नावाने ओळखायला लागले. १९४० साली पॅगोडा पूर्ण झाला. पाच वर्षांनी बॉम्बहल्ल्यात तो जळाला. तिला ते ज्वाळांचं आकाश बघून काय वाटलं असेल, याचा विचार मनात आला की मी थोडा वेळ गप्प होतो.

युद्धाच्या काळात सरकार छोट्या कंपन्या एकमेकांत विलीन करायला लावत होतं. देवळांची कामं तर बंदच. योशिएने लष्कराला लागणाऱ्या लाकडी पेट्या बनवायचं काम मिळवलं आणि त्या जोरावर कंपनीचं वेगळं अस्तित्व राखलं. तेराशे वर्षं देवळं बांधणाऱ्यांनी खोकी बनवली. मला यात कमीपणा दिसत नाही. सुतारांचे हात चालू राहिले आणि पगार निघाले.

घराण्याचे ‘सोळा नियम’ कोणते?

बत्तिसावा प्रमुख योशिसादा याने, म्हणजे १८०१ च्या आगीनंतर देऊळ नव्याने उभारलं गेलं त्या काळातल्या माणसाने, वारसांसाठी एक पत्र लिहून ठेवलं. त्यात सोळा सूचना आहेत. सगळ्या इथे देत नाही, मला महत्त्वाच्या वाटतात त्यांचा आशय सांगतो.

गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे त्याप्रमाणे काम करा. शिकणं थांबवू नका. आपल्याला नेमून दिलेल्या कामाच्या बाहेर लुडबुड करू नका. दारू बेताने. ऐपतीबाहेरचा थाट नको. भांडू नका. कुणालाही कमी लेखून तोरा मिरवू नका. लहानमोठा भेद न करता सगळ्यांशी नीट बोला. निविदा भरताना अंदाजपत्रक प्रामाणिक आणि वाजवी द्या. पूर्वजांच्या तिथी चुकवू नका.

निविदेची सूचना मला सगळ्यांत जवळची वाटते. दोनशे वर्षांपूर्वीचा मंदिर बांधणारा माणूस मुलांना सांगतोय, की कमी दर दाखवून काम घ्यायचं आणि नंतर वाढीव बिलं लावायची, हे करू नका. बांधकामाच्या धंद्यात ज्याचं घर आहे त्याला हे वाक्य किती अवघड आहे ते कळेल.

वास्तुविशारद वेगळा, ठेकेदार वेगळा, अशी पद्धत त्यांच्याकडे होती का?

नव्हती. नकाशा काढणारा आणि वाकस धरणारा एकच. मंदिर बांधणाऱ्या सुताराला जपानीत ‘मियादाइकु’ म्हणतात आणि कामाच्या मुख्याला ‘तोर्यो’. तोर्योच आकार ठरवतो, जंगलातलं लाकूड निवडतो, मापं काढतो, माणसांना कामं वाटतो आणि स्वतःही रंधा मारतो. आपल्याकडे वाडे बांधणारे जुने मिस्त्री असेच होते. आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर ही विभागणी आपल्याकडेही इंग्रजी अमलात रुळली.

कोंगो गुमीची आजची रचना अशी: कंपनीकडे आराखडा, अंदाजपत्रक, परवानग्या आणि देखरेख. प्रत्यक्ष सुतारकाम करणारे आठ स्वतंत्र गट, मिळून शंभरेक मियादाइकु. प्रत्येक गटाचा स्वतःचा तोर्यो आणि गटात पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी माणसं. कागदावर हे गट कंपनीचे नोकर नाहीत, पण काम मुख्यतः कंपनीचंच करतात. हात तयार व्हायला साधारण दहा वर्षं लागतात असं मानतात. नवा मुलगा आधी झाडलोट करतो, मग हत्यारांना धार लावायला शिकतो. धार आल्याशिवाय लाकडाला हात नाही. माझ्या आजोबांकडे शिकायला येणाऱ्या मुलांचीही सुरुवात पटाशी घासण्यापासून व्हायची, म्हणून हे वाचताना मला फार ओळखीचं वाटलं.

एक फरक मात्र गमतीचा. आपला सुतार रंधा आणि करवत पुढे ढकलताना जोर लावतो, जपानी सुतार दोन्ही आपल्याकडे ओढताना. करवतीचं पातं ओढताना ताणलं जातं, त्यामुळे ते पातळ ठेवता येतं आणि काप बारीक निघतो.

खिळे अजिबात वापरत नाहीत हे खरं का?

अर्धं खरं. मुख्य सांगाडा खाच आणि कुसू यांनी एकमेकांत अडकवून उभा राहतो. खांब, तुळया आणि छपराचा भार पेलणारे ठोकळे असे बसवतात की भूकंपात ते थोडे हलतात, मोडत नाहीत. पण हातांनी ठोकलेले लोखंडी खिळे जुन्या मंदिरांत जागोजागी सापडतात, विशेषतः वाशांना. ‘एकही खिळा नाही’ हे वाक्य ऐकायला छान आहे, एवढंच.

लाकूड हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं. होर्यू-जीच्या पॅगोड्याचा मधला खांब ५९४ साली तोडलेल्या झाडाचा आहे, हे त्याच्या वार्षिक वर्तुळांवरून निघालं. तो खांब आजही उभा आहे.

त्यांनी काँक्रीटची देवळं बांधली, हे परंपरेशी फारकत घेणं नव्हतं का?

युद्धानंतर जपानी माणसाने जळकी शहरं पाहिली होती. पुन्हा लाकडाचं देऊळ बांधायचं आणि पुन्हा जळायचं, याची भीती खरी होती. शितेन्नो-जीचा आजचा पॅगोडा १९५९ चा, काँक्रीटचा. १९६३ पर्यंत मधली सगळी वास्तू काँक्रीटमध्ये उभी राहिली.

कोंगो गुमी १९५५ साली भागभांडवलाची रीतसर कंपनी झाली. योशिएचा जावई तोशिताका हा एकोणचाळिसावा प्रमुख. त्याच्या काळात त्यांनी काँक्रीटमध्ये लाकडी मंदिराचं रूप आणण्याचं तंत्र पुढे नेलं. वासा काँक्रीटचा, पण त्याची जाडी, उतार, सावली लाकडासारखी. लाकडाचं मूळ माप ज्याच्या डोळ्यांत आहे त्यालाच ते जमतं. मला ते प्रामाणिक काम वाटतं. पण या तंत्राने एक दार उघडलं, त्यातून पुढे संकट आत आलं.

२००६ मध्ये नेमकं काय झालं? कंपनी बुडाली का?

घराण्याच्या हातातून गेली. काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण याबद्दल ‘मंदिरांना पैसा मिळेना म्हणून बुडाली’ असं एका ओळीत सांगितलं जातं आणि ते अपुरं आहे.

काँक्रीट येतंय म्हटल्यावर कंपनी सदनिका, कार्यालयं, इतर इमारतीही बांधायला लागली. उलाढाल वाढली. पण या क्षेत्रात मोठमोठ्या कंपन्या होत्या, त्यांच्याशी स्पर्धा दरावर करावी लागायची. नफा नावापुरता. आणि काँक्रीटचं देऊळ बांधायलाही त्या मोठ्या कंपन्या पुढे येऊ लागल्या. जे लाकडात फक्त यांना येत होतं ते काँक्रीटमध्ये इतरांनाही येत होतं.

त्यातच १९८० च्या दशकात जपानमध्ये जमिनीचे भाव आकाशाला भिडले. कंपनीने कर्ज काढून जमिनीत पैसा घातला. १९९० च्या सुरुवातीला तो फुगा फुटला, जमिनीची किंमत कोसळली आणि कर्ज तेवढंच राहिलं. गावांची लोकसंख्या घटत होती, देवळांना येणारी देणगीही आटत होती. तिसरी गोष्ट कमी सांगितली जाते: कोणत्या कामात किती खर्च झाला, किती सुटले, याचा हिशोब कामागणिक नीट मांडला जात नव्हता. वतनाच्या काळात त्याची गरज पडली नव्हती, ती सवय राहिली.

चाळिसाव्या प्रमुखाने, मासाकाझु कोंगोने, खर्च कमी करायचा प्रयत्न केला. ते पुरलं नाही. ओसाकाचीच ताकामात्सु ही १९१७ साली स्थापन झालेली बांधकाम कंपनी पुढे आली. तिने ‘कोंगो गुमी’ नावाची नवी कंपनी काढली आणि जानेवारी २००६ मध्ये जुनीचं नाव, काम आणि बहुतेक माणसं तिच्यात घेतली. कर्जासह उरलेल्या जुन्या कंपनीला वेगळं नाव देऊन त्याच वर्षी दिवाळखोरीत काढलं.

सुतारांचे आठही गट मात्र नव्या मालकाकडेही टिकून राहिले. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मालकी बदलली, प्रमुखाची खुर्ची गेली, पण सोमवारी सकाळी लाकडावर सूत मारणारी माणसं तीच होती. कंपनी म्हणजे हिशोबाच्या वह्या असं मानलं तर ती २००६ साली संपली. कंपनी म्हणजे ते हात असं मानलं तर ती चालू आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

मग आता जगातली सर्वांत जुनी कंपनी कोणती?

कोंगो गुमी स्वतंत्र राहिली नाही म्हणून काही याद्यांत आता यामानाशी प्रांतातल्या, ७०५ साली सुरू झालेल्या ‘निशियामा ओन्सेन केइउन्कान’ या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलचं नाव पहिलं येतं. इतर याद्या कोंगो गुमीलाच मान देतात. जपानमध्ये शंभरी ओलांडलेल्या कंपन्या तीस हजारांहून अधिक आहेत, त्यामुळे तिथे या चढाओढीचं कुणाला फारसं कौतुक नाही.

आज कोंगो गुमी काय करते? कुटुंबाचा काही संबंध उरलाय का?

देवळं. नव्या मालकाने सदनिकांचं काम थांबवून कंपनीला पुन्हा मंदिर आणि देवस्थानांकडे वळवलं, लाकूडकामाला प्राधान्य दिलं आणि प्रत्येक कामाचा जमाखर्च वेगळा मांडायची शिस्त लावली. ओसाकाजवळच्या साकाईत त्यांची मोठी कार्यशाळा आहे. तिथे लाकूड साठवतात, वाळवतात, कापतात. जुन्या मंदिरांची दुरुस्ती हा कामाचा मोठा भाग.

घराण्याचा धागाही तुटलेला नाही. चाळिसाव्या प्रमुखाच्या मुलीने एकेचाळिसावी म्हणून नाव पुढे चालवलं आहे. मालकी नाही, पण शितेन्नो-जीच्या मुख्य सुताराचा मान आहे.

जपानमध्ये अशी आणखी घराणी आहेत का?

आहेत. ताकेनाका घराणं १६१० साली नागोयात मंदिरं आणि देवस्थानं बांधण्यापासून सुरू झालं आणि आज जपानमधल्या सर्वांत मोठ्या बांधकाम कंपन्यांत आहे. शितेन्नो-जीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर उभा असलेला तीनशे मीटर उंच आबेनो हारुकास त्यांनी बांधला. ते आपल्या इमारतींना ‘कलाकृती’ म्हणतात, आणि कोबेमध्ये त्यांनी सुतारांच्या हत्यारांचं सुंदर संग्रहालय उभारलं आहे. शिमिझु ही १८०४ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, एका सुताराने सुरू केलेली. या दोन्ही आधुनिक, अवाढव्य झाल्या. कोंगो गुमी लहानच राहिली.

आपल्याकडे असं काही आहे का?

सर्वांत जवळचं उदाहरण गुजरातचे सोमपुरा. वंशपरंपरेने मंदिरं रचणारे. सोमनाथचं आजचं मंदिर, ज्यात १९५१ साली प्राणप्रतिष्ठा झाली, ते प्रभाशंकर सोमपुरा यांच्या आराखड्यावर उभं आहे. त्यांचे नातू चंद्रकांत सोमपुरा यांनी अयोध्येच्या राममंदिराचा आराखडा केला. तिथेही तेच: आजोबांकडून नातवाकडे जाणारं मापांचं ज्ञान, आणि दगड घडवणारे शेकडो हात.

मुंबईतली बांधकामाची जुनी घराणी विचाराल तर शापूरजी पालनजी समूहाची सुरुवात १८६५ ची. ते पारशी घराणं, पाच पिढ्यांचं. पण तो ठेकेदारीचा इतिहास आहे, सुतारकीचा नाही, म्हणून त्याबद्दल इथे लिहीत नाही.

महाराष्ट्रातले वाडे बांधणारे सुतार, पाथरवट, गवंडी यांची नावं मात्र वाड्यांच्या मालकांच्या कागदांत क्वचित सापडतात. त्यांची वंशावळ कुणी गुंडाळीवर लिहून ठेवली नाही. तुमच्या घरात कुणी सुतार असेल, तर त्यांची हत्यारं आणि हत्यारांची नावं आजच लिहून घ्या. मी आजोबांकडची अकरा नावं लिहिली होती. बाकीची राहिली.

ओसाकाला गेलो तर काय पाहावं?

शितेन्नो-जी तेन्नोजी भागात आहे, आणि त्या भागाचं नावच देवळावरून पडलंय. दर महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला आवारात बाजार भरतो, त्यात जुनी सुतारी हत्यारंही मिळतात. पश्चिमेच्या बाजूला १२९४ सालची दगडी कमान आहे. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी सूर्य तिच्या रोखाने मावळतो, तेव्हा तिथे गर्दी होते.

जमलं तर ११ जानेवारीला जा. त्या दिवशी मुख्य मंदिरात ‘चोनाहाजिमे’ होतं, वर्षातला पहिला वाकस चालवण्याचा विधी. जुन्या वेशातले सुतार हिनोकीच्या ओंडक्यापुढे येतात. एक जण गुण्या लावून माप घेतो, दुसरे सूत धरून काळी रेघ मारतात, मग वाकसाने लाकडाला टवका काढल्याचा आविर्भाव होतो. बोलणं जवळजवळ नसतंच. त्यानंतर त्या वर्षीचं काम सुरू होतं.